पुरेसं जगत नाही

क्लायपेडाच्या बंदरात, तिसऱ्या धक्क्यावरच्या कचेरीत
रात्री पावणेअकराला कंपायलर मला सांगतो:
‘पातळी’ पुरेसं जगत नाही.

इतकंच. तांबड्या अक्षरांत.
वॉर्डाबाहेर उभं राहून
घरच्या माणसाबद्दल कुणी हलक्या आवाजात सांगावं, तसं.

मी काही मोठं मागितलं नव्हतं.
खाडीच्या तोंडाशी बुडवलेला सेन्सर
दर मिनिटाला पाण्याची उंची कळवतो.
फंक्शन ती हातात घेतं,
आणि मी एक क्लोजर लिहिते,
बिननावाचं, तीन ओळींचं,
जिथे जन्मलं तिथलं लागेल ते लक्षात ठेवणारं.
ते दुसऱ्या थ्रेडच्या हवाली करते:
जा, सवडीनं चाल,
पाणी चढलंच तर फेरीबोटीला कळव.

चूक माझीच.
क्लोजरनं पातळी उचलली नव्हती,
नुसतं तिच्याकडे बोट दाखवलं होतं.
आणि फंक्शन म्हणजे काय, घटकाभरचा संसार.
शेवटचा महिरपी कंस मिटला
की भांडीकुंडी आवरली जातात.
बोट मात्र रोखलेलंच राहतं
रिकाम्या जागेकडे.
रिकामी तरी कुठली,
पुढच्याचा पसारा तिथे येऊनही पडलेला असतो.

पोविलासनं हे भोगलंय.
जुना प्रोग्रॅम त्याचा, जुन्या भाषेतला,
जिथे असं बोट दाखवायला कुणाची ना नव्हती.
नोव्हेंबरातल्या एका वादळी रात्री
फलकावर पाणी आलं: उणे एकोणीस हजार.
मग सव्वातीन. मग पुन्हा उणे.
“समुद्र नव्हता गं तो,” बीटाच्या थंड सुपात
शेपू ढवळत तो सांगायचा,
“कुणाच्या तरी अर्धवट बेरजा होत्या.
गेलेल्याच्या जागी दुसरंच कुणी नांदत होतं
आणि मी त्यालाच विचारत होतो, पाणी किती?”
त्या रात्री त्यानं पाणी दोरीनं मोजलं,
बॅटरी दातांत धरून.

मी लिहिते: मूव्ह.
म्हणजे उसनवारी नको. घे, तुझंच, ने.
कंपायलर ढिम्म.
ओळ तीच, नाव फक्त वेगळं:
आता ‘नोंद’ पुरेसं जगत नाही.

चहा निवतो. क्रेनचा दिवा
खिडकीतून एकदा फिरून जातो.
मग दिसतं.
मी जिला पातळी म्हणत होते ती पातळी नव्हतीच,
वरच्या फंक्शननं दिलेला तिचा पत्ता होता.
मूव्हनं पत्ता हलवला, इमानेइतबारे.
घर होतं तिथेच, वरच्या फंक्शनात,
पाडायला निघालेलं.

माझ्या जुडग्यात एक पितळी किल्ली आहे,
मापनखोलीची.
निवृत्तीच्या दिवशी पोविलासनं दिलेली, दोन्ही हातांनी.
खोली जाऊन दोन वर्षं झाली, तिथे कंटेनर रचलेत.
तो बर्गनला, मुलाकडे. फोनवर विचारतो,
“पश्चिमेची खिडकी लावतेस ना? फुगते ती.”
मी म्हणते, लावते.
हे कुणी अडवलं नाही.

शेवटी प्रत करते.
आकड्यासकट, वेळेसकट, स्वतःची, पुरती.
थोडी मेमरी जास्त जाईल. जाऊ दे.
क्लोजर आता पाठीवर आपली शिदोरी घेऊन निघतं,
मागे कुणी काय आवरलं याची त्याला पर्वा नाही.

अकरा वीस. तांबडं काही नाही.
पाणी: एक्काहत्तर सेंटीमीटर.

तरी कोट चढवून मी धक्क्याच्या टोकाशी जाते,
बॅटरी घेऊन, खांबावरच्या खुणा बघायला.
एक्काहत्तरच असावं.
लाट सारखी वर येते, नीटसं दिसत नाही.